नजर आणि नोंद

गुन्ह्यांचा शोध करणारा अधिकारी म्हटला, की वेष पालटून अंधाऱ्या बोळातून चोराच्या मागावर निघालेला एखादा धाडसी वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. रहस्यकथांनी हे चित्र मनावर चांगलेच बिंबविले आहे. प्रत्यक्षातील तपास अधिकाऱ्याचा पुष्कळसा वेळ मात्र मेजाशी बसून जातो. समोर कागदांची चळत, हाती लेखणी आणि कानाशी दूरध्वनी, असे त्याचे खरे रूप असते. अमेरिकेत तर असे अधिकारी विद्यापीठांच्या आवारातही काम करतात.

तिकडील मोठे विद्यापीठ म्हणजे एक नगरच होय. वसतिगृहे, ग्रंथालये, प्रयोगशाळा, क्रीडांगणे असा त्याचा विस्तार असतो. कॅलिफोर्निया राज्यातील बर्कली येथील विद्यापीठात 2009 साली सुमारे 35 हजार विद्यार्थी शिकत होते. नगर आले, की नगराच्या चिंताही आल्या. म्हणून अनेक विद्यापीठांनी स्वतःचे पोलीस दल उभारले आहे. या प्रथेचा आरंभ 1894 साली न्यू हेवन शहरातील येल विद्यापीठात झाला. तेथील वैद्यक शाळेत शवविच्छेदनासाठी दफनभूमीतून प्रेते चोरून आणली जातात, अशी वदंता गावात पसरली होती. विद्यार्थी आणि नागरिक यांच्यांत वितुष्ट आले होते. तेव्हा शहराच्या पोलीस दलातील दोघांची नेमणूक विद्यापीठाच्या आवारात करण्यात आली.

विद्यापीठाच्या तपास अधिकाऱ्यापुढे येणारे गुन्हे बहुधा साधे असतात. समजा, एका विद्यार्थ्याची सायकल चोरीस गेली. अधिकारी प्रथम त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो. सायकल कोणती, तिच्या सांगाड्यावरील क्रमांक कोणता, ती कोठे व केव्हा ठेवली होती, हे तो टिपून घेतो. मग जागेची पाहणी होते. कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये तपासली जातात. साक्षीदारांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले जातात. कारण एकाचे ऐकून दुसऱ्याची आठवण नकळत बदलते. सापडलेली प्रत्येक वस्तू मोहोरबंद केली जाते आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची नोंद ठेवली जाते. या साखळीतील एखादा दुवा जरी निखळला, तरी न्यायालयात त्या पुराव्याबद्दल शंका उपस्थित होते. शेवटी अहवाल लिहावयाचा आणि प्रसंगी न्यायाधीशांपुढे साक्ष द्यावयाची. हे काम चिकाटीचे आहे. त्यात टाळ्या क्वचितच मिळतात.

तथापि अशा शांत कामातूनच कधीकधी मोठे कार्य घडून येते. 24 ऑगस्ट 2009 रोजी बर्कली विद्यापीठाच्या पोलीस कचेरीत एक मनुष्य दोन मुलींसह आला. आवारात एक धार्मिक कार्यक्रम करण्याची परवानगी त्याला हवी होती. अशा कार्यक्रमांची व्यवस्था लिसा कॅम्बेल यांच्याकडे होती. त्या मनुष्याचे बोलणे काहीसे असंबद्ध होते. परंतु कॅम्बेल यांचे लक्ष वेधले ते त्या मुलींनी. त्यांचे चेहरे निस्तेज होते आणि वागणे त्यांच्या वयाच्या मुलींसारखे मोकळे नव्हते. नकार देऊन त्याला वाटेस लावणे अगदी सोपे होते. कॅम्बेल यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता पुन्हा बोलाविले.

मधल्या वेळात त्यांनी आपली शंका ॲली जेकब्स या पोलीस अधिकारी स्त्रीस सांगितली. जेकब्स यांनी तत्काळ शासकीय नोंदी चाळल्या. अपहरणासारख्या गंभीर गुन्ह्याबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झाली होती आणि तो पॅरोलवर, म्हणजे अटी घालून, तुरुंगाबाहेर सोडलेला होता. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी जेकब्सही येऊन बसल्या. त्यांनी मुलींशी सौम्यपणे संभाषण केले. उत्तरे आली ती यांत्रिक. काहीतरी पाणी मुरत आहे, हे दोघींनी ओळखले. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्या मनुष्यास अडकवून ठेवण्याजोगे काहीच हाती नव्हते. त्याला जाऊ द्यावे लागले. तरीही जेकब्स स्वस्थ बसल्या नाहीत. त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या पॅरोल कचेरीशी त्यांनी संपर्क साधला. तेथील अधिकारी चकित झाला. या मनुष्यास मुली आहेत, हे त्याला ठाऊकच नव्हते!

26 ऑगस्टला तो मनुष्य पॅरोल कचेरीत हजर झाला. त्याच्याबरोबर त्याची पत्नी, त्या दोन मुली आणि एक तरुणी होती. तरुणीने प्रथम आपले नाव खोटे सांगितले. वेगवेगळी विचारपूस होता होता सत्य बाहेर आले. 10 जून 1991 रोजी, अवघ्या अकराव्या वर्षी, शाळेच्या बसकडे जात असताना पळवून नेलेली मुलगी ती हीच! घराच्या मागील बाजूस आडोशाला उभारलेल्या राहुट्यांत आणि खोपट्यांत तिने 18 वर्षे बंदिवास भोगला होता. त्या दोन मुलीही त्याच बंदिवासात वाढल्या होत्या. 18 वर्षांनंतर ती आपल्या आईला भेटली. 2011 साली त्या पतिपत्नींना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेची दुसरी बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. 2006 साली एका शेजाऱ्याने त्याच घरामागे राहुट्यांतून माणसे राहतात, मुलेही आहेत, अशी खबर दिली होती. एक अधिकारी आला. दाराशी उभे राहून त्या मनुष्याशी बोलला आणि परत गेला. त्याने मागचे अंगण पाहिले नाही. हा मनुष्य पूर्वीचा गुन्हेगार आहे, हेही त्याला माहीत नव्हते. नजरही कमी पडली आणि नोंदही कामी आली नाही. परिणामी तीन जिवांचा बंदिवास जवळजवळ तीन वर्षांनी लांबला.

कॅम्बेल आणि जेकब्स या काही नामांकित गुप्तहेर नव्हत्या. त्यांनी वेष पालटला नाही, की शस्त्र उगारले नाही. समोरच्या मुलींकडे त्यांनी डोळसपणे पाहिले, मनात आलेली शंका नोंदींवर पडताळून घेतली आणि ती योग्य ठिकाणी पोहोचविली. शंका आली म्हणून त्यांनी कोणावर आरोप केला नाही. पुरावा नाही म्हणून तिच्याकडे कानाडोळाही केला नाही. तपासाच्या कामात खरे कौशल्य आहे ते हेच. आणि त्याच्या मुळाशी असते ती दुसऱ्याच्या दुःखाविषयीची कळकळ. ती नसेल, तर तीक्ष्ण नजरेलाही काही दिसत नाही.

स्वाध्याय
1. साक्षीदारांना वेगवेगळे बसवून प्रश्न का विचारतात?
2. 2006 साली आलेल्या अधिकाऱ्याच्या हातून कोणत्या दोन गोष्टी राहून गेल्या?
3. ‘संशय म्हणजे पुरावा नव्हे’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
4. वाक्यांत उपयोग करा : पाणी मुरणे, कानाडोळा करणे, वाटेस लावणे.