हाताखालच्या माणसांपाशी

चि. सुशील यास,


चिंचवडच्या साइटवर तू रुजू झाल्याचं वहिनींकडून कळलं. फार आनंद झाला. परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, रविवारीही काम असतं, उपासना चुकते. मग मी ख्रिस्ती म्हणून जगायचं कसं?" प्रश्न मोठा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळची उपासना जमत नसेल, तर संध्याकाळची मंडळी शोध. तिचा आधार सोडू नकोस. पण तुझा विश्वास खरा कसाला लागेल तो तुझ्या हाताखालच्या माणसांपाशी. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा चोविसावा अध्याय उघडून बघ. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, असं तिथे बजावलंय, कारण त्या गरिबाचा जीव तिच्यावर असतो. याकोबाच्या पत्रात तर अडवलेली मजुरीच देवाकडे ओरडते. ठेकेदाराला तू बदलू शकणार नाहीस. पण मस्टर त्याच दिवशी पुरं करणं आणि बिल टेबलावर पडू न देणं तुझ्या हातात आहे. तुझ्या आळसापायी कुणाची चूल थांबता कामा नये.

मेजरमेंट बुकात न झालेल्या कामाचा आकडा लिहायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हण. होय तर होय, नाही तर नाही, एवढंच प्रभूने शिकवलंय. त्यासाठी बढती लांबली तरी लांबू दे. आणि विसाव्याच्या दिवसाची आज्ञा पुन्हा वाच. तिच्यात दास, दासी, परका माणूस, अगदी बैल आणि गाढवसुद्धा आहे. स्वतःची सुट्टी मागताना बिगाऱ्यांच्या सुट्टीचाही शब्द टाक.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. 1896–97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतल्या शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांना नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये शेती, विणकाम, छापखाना उभा राहिला. अंध बायकांना ब्रेल शिकवलं गेलं. बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते छापायला याच बायका-मुलींचे हात लागले. भाषांतर करणाऱ्या बाईच धान्य, विहीर, आजारपण, सगळं बघत होत्या. शास्त्राचा अभ्यास आणि स्वयंपाकघराचा हिशेब यांत त्यांनी उच्चनीच मानलं नाही. तूही मानू नकोस.

प्रार्थना रोज कर, थोडी केलीस तरी चालेल. मुकादमाचं, बिगाऱ्यांचं नाव घेऊन कर. ज्याच्यासाठी सकाळी प्रार्थना केली, त्याच्यावर दुपारी ओरडताना जीभ आपोआप आवरते. कुणाला मदत केलीस तर ती मंडळीत सांगत बसू नकोस.

आता घरातलं. धाकट्याशी तू नाताळपासून बोलत नाहीस. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, ही प्रभूची आज्ञा तुला पाठ आहे. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. त्याआधी त्याला फोन कर. चूक कुणाची किती, याचा हिशेब मांडू नकोस. तू मोठा आहेस, पहिला शब्द तुझाच असू दे.

तुझी,
आत्या