खेळाचा एक तास

तापीतीरावरील बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे नगर; भोवतालचा परिसर केळीबागांचा. अशा कष्टाळू प्रदेशातील मुले आपोआप सुदृढ होतात, असा आपला समज असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांविषयीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१६ मध्ये जगातील ८१ टक्के मुलांची शारीरिक हालचाल अपुरी होती. भारतात हे प्रमाण मुलग्यांत सुमारे ७२, तर मुलींत ७६ टक्के होते.

५ ते १७ वर्षे वयात रोज सरासरी ६० मिनिटे, श्वास व नाडी जलद होईल अशी हालचाल आवश्यक मानली जाते. धावताना, उड्या मारताना हाडांवर भार पडतो आणि ती बळकट होतात. यास खर्च लागत नाही. लंगडी, लगोरीला अंगण पुरते. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यक्रीडा म्हणून गौरविलेल्या मल्लखांबास एक खांब पुरतो.

पाणी भरणे, शेतात राबणे हीदेखील हालचालच; परंतु काम म्हणजे खेळ नव्हे. बारा वर्षांची मुलगी ‘मोठी झाली’ म्हणून घरात बसविली जाते, तेव्हा तिची हाडे घडण्याचा काळ ऐन भरात असतो. म्हणून शिक्षकांनी खेळाचा तास गणिताला देऊ नये आणि पालकांनी लेकीची सायंकाळ चुलीला देऊ नये. गावाच्या मैदानात तिचाही वाटा आहे.