ओळख एका संघाची : जमैकाच्या ‘रेगे गर्ल्स’

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याला क्रिकेट आठवते. क्रिकेटमध्ये ‘वेस्ट इंडीज’ या नावाने एकत्र खेळणारे देश फुटबॉलमध्ये मात्र आपापले वेगळे संघ उतरवतात. त्यांपैकी जमैकाच्या महिला संघाची आज आपण ओळख करून घेऊ.

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील एक बेट. लोकसंख्या तीस लाखांच्या आत. रेगे हे तेथील जगप्रसिद्ध संगीत. त्यावरूनच या संघाला ‘रेगे गर्ल्स’ म्हणतात.

२००८ मध्ये पैशांअभावी फुटबॉल महासंघाने हा संघ थांबवला. बराच काळ सामनेच न झाल्याने जागतिक क्रमवारीतून त्याचे नावही गेले. मुली होत्या, कौशल्य होते. संघ तेवढा नव्हता!

२०१४ मध्ये प्रसिद्ध रेगे गायक बॉब मार्ले यांच्या कन्या सेडेला मार्ले यांच्या मुलाने शाळेतून एक पत्रक घरी आणले. त्यात या संघासाठी मदतीचे आवाहन होते. सेडेलाबाईंनी ते मनावर घेतले. एक गाणे काढून आणि लोकांकडून वर्गणी जमवून त्यांनी निधी उभारला. संघ पुन्हा उभा राहिला. २०१६ मध्ये तो परत बंद पडला, तरी प्रयत्न थांबले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये पनामाला पेनल्टी किकवर हरवून जमैकाने महिला विश्वचषकात प्रवेश मिळवला. असे करणारा हा पहिला कॅरिबियन संघ.

२०१९ च्या विश्वचषकात जमैकाने तिन्ही सामने गमावले. हवाना सोलॉनने ऑस्ट्रेलियाविरुद्ध केलेला एकच गोल पदरी पडला. २०२३ मध्ये चित्र पालटले. फ्रान्स व ब्राझीलशी गोलशून्य बरोबरी आणि ॲलिसन स्वॅबीच्या गोलवर पनामाविरुद्ध विजय! गटात एकही गोल न स्वीकारता संघ बाद फेरीत गेला आणि ब्राझील घरी परतला. पुढे कोलंबियाने जमैकाला १–० असे हरवले.

पण याच स्पर्धेपूर्वी सराव, प्रवास व मानधनाच्या गैरसोयींबद्दल खेळाडूंना जाहीर पत्र काढावे लागले होते. एका खेळाडूच्या आईने खर्चासाठी वर्गणीही गोळा केली.

यावरून आपण काय शिकतो? मैदानावर घाम खेळाडू गाळतात, पण संघ टिकवणे हे संस्थेचे आणि समाजाचे काम असते.

स्वाध्याय
१. जमैकाचे नाव जागतिक क्रमवारीतून का गेले?
२. शाळेतून घरी आलेल्या पत्रकामुळे काय घडले?
३. आपल्या शाळेत मुलींचा कोणता संघ आहे? त्याला कशाची गरज आहे, हे विचारून पाच ओळी लिहा.