मुंबईंत फिरावें कसें ?

सेनगांवास आगगाडी नाहीं. तथापि एस. टी. नें हिंगोली गांठली, कीं मुंबई पूर्वींइतकी दूर राहत नाहीं; कारण जालना-मुंबई जनशताब्दी ही गाडी २०२४ सालीं हिंगोलीपर्यंत वाढविण्यांत आली. कोणी शिक्षणासाठीं मुंबईस जातो, कोणी परळच्या टाटा रुग्णालयांत आप्ताच्या औषधोपचारासाठीं. पण स्टेशनाबाहेर पडतांच नवख्याचा धीर सुटतो, व मागेल तें भाडें देऊन तो मोटारींत बसतो. वस्तुतः त्या शहराची ठेवण एकदां ध्यानांत आली, म्हणजे हायस्कुलांतील विद्यार्थ्यासही वडील माणसांना वाट दाखवितां येईल.

मुंबईचा नकाशा समोर घ्यावा. सात बेटें जोडून झालेलें मूळ शहर दक्षिणोत्तर लांब व पूर्वपश्चिम अरुंद आहे. अर्थात् रेल्वेसही दुसरी वाट नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास उतारूंची पहिली गाडी गेली, तीही उत्तरेकडेच. आज पश्चिम रेल्वेची लोकल चर्चगेटहून व मध्य रेल्वेची छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसहून निघते. दादर येथें या दोन्ही रेल्वे एकमेकींस भेटतात. म्हणून नवख्यानें हें एक नांव आधीं पाठ करावें. तेथें पूर्वीं दोन्ही रेल्वे आपआपले फलाट एकपासून मोजीत, व परगांवच्या मनुष्याची त्रेधा उडे. डिसेंबर २०२३ पासून १ ते १४ असे सलग क्रमांक दिले आहेत. सुधारणा लहान खरी, पण मोठ्या पुलापेक्षां ती मला अधिक उपयोगाची वाटते !

रूळ वस्तीचे दोन भाग पाडतात. यास्तव पत्ता लिहून घेतांना स्टेशनाच्या नांवाबरोबर 'पूर्व कीं पश्चिम' हेंही विचारावेंच. भलत्या बाजूस उतरल्यास पुलाचे जिने चढून परत यावें लागतें, आणि नेमक्या अशा वेळीं रूळ ओलांडण्याचा मोह होतो. २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षीं मुंबईच्या उपनगरी मार्गांवर प्रत्येकीं दोन हजारांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत रूळ ओलांडणारेच सर्वांत अधिक होते. पालकांनीं हा आंकडा मुलांना प्रवासापूर्वींच सांगावा.

फलाटावरील इंडिकेटरवर गाडीचें शेवटचें स्टेशन, तिची वेळ, डब्यांची संख्या आणि ती जलद कीं धीमी हें दिलेलें असतें. जलद गाडी मधलीं कित्येक स्टेशनें सोडून देते. तेव्हां शंका असल्यास धीमीच धरावी. सकाळीं गर्दीचा लोंढा दक्षिणेस व सायंकाळीं उत्तरेस वाहतो. पाहुण्यानें त्याच्या उलट जावें, किंवा दुपार होऊं द्यावी. रुग्णास घेऊन जाणाऱ्यांनीं हेंही जाणून असावें कीं, लोकलमध्यें दिव्यांग व कर्करोगग्रस्त यांच्यासाठीं निराळा डबा असतो.

आडवा प्रवास मात्र लोकलनें साधत नाहीं. त्यासाठीं एके काळीं ट्राम होती. १८७४ सालीं ती घोडे ओढीत, १९०७ पासून ती विजेवर चालली, व १९६४ सालीं बंद झाली. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली, आणि बसचें तें काम अद्यापि चालूच आहे. २०१४ सालीं वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू होऊन अंधेरीची पश्चिम रेल्वे व घाटकोपरची मध्य रेल्वे जोडली गेली. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरांची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून सबंध खुली झाली आहे.

एकच दिवस हातीं असेल, तर टर्मिनसची इमारत प्रथम बाहेरून निवांत पाहावी. १८८७ सालीं तिला व्हिक्टोरिया राणीचें नांव दिलें होतें, व २००४ सालीं ती जागतिक वारसा ठरली. तेथून बसनें वस्तुसंग्रहालय, तेथून पायींच गेटवे, आणि पुढें लाँचनें घारापुरी. लाँचीस सुमारें एक तास लागतो. लेणीं सोमवारीं बंद असतात, आणि परतीच्या शेवटच्या लाँचीची वेळ बेटावर पाय ठेवतांच विचारून घ्यावी.