धानावरील कडा करपा: फवारणीआधी पाणी आणि युरिया आवरा

ऑगस्टमध्ये पूर्व विदर्भातील धान फुटव्यांवर असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत याच काळात ढगाळ हवा, वाऱ्यासह पाऊस आणि २५ ते ३४ अंश तापमान जुळून आले की कडा करपा झपाट्याने पसरतो. हा रोग झँथोमोनास ओरायझी या जिवाणूमुळे होतो. बुरशीमुळे होणाऱ्या करप्यासाठी आणलेले बुरशीनाशक यावर फवारल्यास खर्च वाया जातो आणि रोग तसाच राहतो.

रोग कसा ओळखावा?

पानाच्या शेंड्याकडून एका किंवा दोन्ही कडांनी नागमोडी पिवळा पट्टा खाली उतरतो आणि वाळून तणसासारखा दिसू लागतो. सकाळी अशा पानांवर दुधाळ थेंब दिसतात. खात्रीसाठी पानाचा हिरवा व पिवळा भाग जिथे मिळतो तिथे कापून तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरावा. जिवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धार निघते. रोवणीनंतर तीन-चार आठवड्यांत पूर्ण चूड वाळत असेल तर मधला पोंगा ओढून पाहावा. सहज निघाला तर ती खोडकीड. जिवाणूमुळे वाळलेला पोंगा तसा निघत नाही.

रोग दिसताच काय करावे?

- युरियाचा राहिलेला हप्ता थांबवावा. जास्त नत्राने पाने लुसलुशीत होतात आणि रोग वाढतो.
- रोगट बांधीचे पाणी शेजारच्या बांधीत सोडू नये. जिवाणू पाण्यासोबत बांधीतून बांधीत जातात. पाणी वेगळ्या चरातून काढून बांधी तीन-चार दिवस निथळू द्यावी. मात्र निसवताना ताण पडू देऊ नये.
- पाने ओली असताना निंदण किंवा फवारणीसाठी बांधीत उतरू नये. पानांना इजा होते आणि तिथूनच जिवाणू शिरतात.
- धुऱ्यावरचे गवत काढावे. काही गवतांवरही हा जिवाणू तग धरतो.

प्रतिजैविकांचा मोह टाळावा

या रोगावर स्ट्रेप्टोमायसिन असलेली पावडर वर्षानुवर्षे फवारली गेली. पण हेच औषध क्षयरोगाच्या उपचारात वापरले जाते. शेतात ते वारंवार फवारले तर त्याला दाद न देणारे जिवाणू तयार होतात. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये शेतीतील त्याचा वापर बंद करण्यासाठी मसुदा काढला. पाने करपल्यावर कोणतीही फवारणी ती पुन्हा हिरवी करत नाही. म्हणून खरा भर रोग येण्याआधीच्या कामांवर हवा.

पुढील खरिपाची तयारी

१९६३ मध्ये बिहारच्या शहाबाद जिल्ह्यात या रोगाची मोठी साथ आली. त्यानंतर देशात आलेली तैचुंग नेटिव्ह १ ही बुटकी, भरपूर खत घेणारी जातही रोगाला बळी पडली. जात निवडताना उत्पादनाइतकेच रोगप्रतिकाराला महत्त्व का द्यायचे, हे त्यातून दिसले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेने आणि सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्राने मिळून तयार केलेल्या सुधारित सांबा मसुरीत या रोगाला रोखणारे तीन जनुके आहेत; ती २००८ मध्ये प्रसारित झाली. आपल्या भागाला चालणारी प्रतिकारक जात कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावी.

रोगट शेतातील धान बियाण्यासाठी ठेवू नये. बियाणे ३ टक्के मिठाच्या द्रावणात (१० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ) बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढावेत, उरलेले दोनदा धुऊन सावलीत सुकवावेत. त्यानंतर स्युडोमोनास या उपयुक्त जिवाणूंची पावडर १० ग्रॅम प्रति किलो बियाण्याला चोळावी. रोवणीवेळी पऱ्ह्यांचे शेंडे खुडू नयेत. त्या जखमांतून रोग थेट आत जातो. नत्र एकदम न देता निम्मे रोवणीला, पाव फुटव्यांच्या वेळी आणि पाव लोंबी धरण्याच्या सुरुवातीला द्यावे. पालाशाची मात्रा चुकवू नये. कापणीनंतर धसकटे नांगरून गाडावीत.

एका शेतकऱ्याने सगळी काळजी घेतली आणि वरच्या बांधीचे रोगट पाणी खाली आले, तर उपयोग होत नाही. म्हणून एका पाटावरच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा निर्णय मिळून घ्यावा, आणि युरियाची पुढची गोणी फोडण्याआधी प्रत्येकाने बांधीत फिरून पाने तपासावीत.