जपानी संभाषणाची तोंडओळख



पालघर जिल्ह्यातील शिक्षकाने जपानी भाषेची चार वाक्ये कशासाठी शिकावीत, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड हे थोर वारली चित्रकार कै. जिव्या सोमा म्हसे यांचे गाव. जपानच्या निइगाता प्रांतातील तोकामाचि येथील मिथिला संग्रहालयात आपल्याकडील वारली चित्रकारांनी राहून चित्रे काढली आहेत. दुसरे उदाहरण मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे. जपानी तंत्रावर आधारलेल्या या ५०८ किलोमीटर मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ रोजी झाली. त्यावरील १२ नियोजित स्थानकांपैकी एक बोईसर होय. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनी तर यंत्रमानवाविषयीच्या कुतूहलापोटी जपानी हीच भाषा शिकावयास निवडली.

१. उच्चार

जपानीत आ, इ, उ, ए, ओ असे पाचच मूळ स्वर आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद काटेकोरपणे पाळावा लागतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू. ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. मराठी माणसास एक सोय जन्मतःच लाभली आहे. ‘त्सुनामी’ या शब्दातील पहिला वर्ण आपल्या ‘चूल’मधील च सारखाच आहे, आणि ‘गोजाइमास’मधील ज आपल्या ‘जागा’मधील ज प्रमाणे उच्चारावयाचा आहे. ‘इ’ स्वरापूर्वी मात्र हे वर्ण ‘चिंच’, ‘जिरे’ यांतल्याप्रमाणे तालव्य होतात. ‘घरचा’ आणि ‘घरची’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहिल्यास हा भेद तत्काळ ध्यानात येईल.

२. वाक्यरचना

जपानीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि संबंध दाखविणारे शब्द नामानंतर येतात.

वाताशि नो गाक्कोओ वा बोईसर नि आरिमास. — माझी शाळा बोईसरमध्ये आहे.

येथे ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘नो’ म्हणजे चा-ची-चे, ‘गाक्कोओ’ म्हणजे शाळा, ‘नि’ म्हणजे त किंवा मध्ये. ‘वा’ हा शब्द कोणाविषयी बोलणे चालले आहे ते दाखवितो. प्रश्न करावयाचा असल्यास शेवटी ‘का’ जोडावा: ‘गाक्कोओ वा दोको देस का?’ — शाळा कोठे आहे? आपणही ‘येता का?’ असेच विचारतो. हे साम्य केवळ योगायोगाचे आहे. त्यावरून दोन्ही भाषा एका कुळातील आहेत असे मानू नये.

३. नित्य उपयोगाची वाक्ये

ओहायोओ गोजाइमास — सकाळचा नमस्कार
कोन्निचिवा — दिवसाचा नमस्कार
कोम्बान्वा — सायंकाळचा नमस्कार
हाजिमेमाश्ते — प्रथम भेटीच्या वेळी म्हणावयाचा शब्द
हाइ, ईए — होय, नाही
मिजु, दोओजो — पाणी घ्या
आरिगातोओ गोजाइमास — आभारी आहे
सुमिमासेन — क्षमा करा
वाकारिमासेन — मला समजत नाही
मोओ इचिदो ओनेगाइ शिमास — कृपया पुन्हा एकदा सांगा

४. आदराची रीत

दुसऱ्याच्या नावापुढे ‘सान’ लावतात. स्वतःच्या नावापुढे तो कदापि लावू नये. शिक्षकास इतर लोक ‘सेन्सेइ’ म्हणतात. तथापि शिक्षकाने स्वतःची ओळख ‘वाताशि वा क्योओशि देस’ अशी करून द्यावी. गावकरी आपणांस ‘गुरुजी’ म्हणतात, पण आपण स्वतःस शिक्षक म्हणवितो, तसाच हा प्रकार आहे.

५. अध्यापनातील उपयोग

वरील वाक्यांपैकी ‘वाकारिमासेन’ हे सर्वांत मोलाचे आहे. ते उच्चारताना प्रौढ माणसासही संकोच वाटतो. आपल्या पहिलीच्या वर्गात घरी वारली, कातकरी किंवा मांगेली बोलणारी बालके येतात. पुस्तकातील मराठी त्यांना आरंभी परकीच वाटते, आणि ‘समजले नाही’ हे म्हणण्यापुरते शब्दही पुष्कळदा त्यांच्याजवळ नसतात. ते मूल गप्प बसते आणि आपण त्यास मंद समजून पुढे जातो. अतिजलद रेल्वेसाठी भूसंपादन सुरू झाले तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावांनी आपला विरोध नोंदविला होता. कागद वाचून, न समजलेले पुन्हा विचारून मग निर्णय करणे हे अशा प्रसंगी प्रत्येक कुटुंबास आवश्यक असते. ती सवय शाळेतच लागावयास हवी.

म्हणून शिक्षकाने दररोज एक जपानी वाक्य फळ्यावर लिहावे, त्याखाली तेच मराठीत लिहावे, आणि मुलांकडून त्यांच्या घरच्या बोलीत ते वदवून घेऊन तिसऱ्या ओळीत लिहावे. तिसरी ओळ मुलांनी गुरुजींस शिकवावयाची आहे.

स्वाध्याय: (१) स्वतःची ओळख जपानीत करून द्या. (२) ‘पाणी कोठे आहे?’ हे जपानीत विचारा. (३) ‘मला समजत नाही, पुन्हा सांगा’ हे आपल्या वर्गातील प्रत्येक बोलीत लिहून काढा आणि ते वर्गात दर्शनी लावा.