युक्त म्हणजे किती? : गीता ६.१६-१७ आणि कॉलेजचं पहिलं वर्ष



आज सहाव्या अध्यायातले १६ आणि १७ हे दोन श्लोक घेऊ. ध्यानाचा अध्याय आहे. आसन कसं असावं, नजर कुठे ठेवावी हे सांगून होतं आणि भगवंत एकदम जेवणझोपेवर येतात. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सारखं जागणाऱ्यालाही नाही. पुढच्या श्लोकात मापात ठेवायच्या गोष्टींची नावंच घेतली आहेत: आहार, विहार, कामातली धडपड, झोप आणि जाग.

आमच्या शनिवारच्या ऑनलाइन वाचनात यंदा एफवायची बरीच मुलं आहेत. त्यातला एक सांगलीहून पुण्यात आलाय, होस्टेलवर राहतो. एनएसएसला नाव दिलंय, कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाच्या टीममध्ये निवड झालीय, आणि फेस्टिव्हल कमिटीतले सीनियर्स रोज फोन करतायत. त्यात पहिल्या इंटर्नलला मार्क कमी पडले. त्याने विचारलं, ‘‘दादा, हा सगळा विहारच ना? सोडून देतो. अभ्यास आणि नामस्मरण, बास.’’ ग्रुपवर लगेच हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला.

मला मात्र ते इतकं सोपं वाटत नाही.

एक तर श्लोकात विहार वर्ज्य केलेला नाही, मापात ठेवायला सांगितलाय. उपाशी राहणाराही योगी नाही, हे भगवंतांनी आवर्जून म्हटलंय. सतरा-अठराव्या वर्षी नवीन शहरात येऊन खोलीचं दार लावून बसणं हाही एक प्रकारचा उपवासच आहे, आणि तो फार दिवस टिकत नाही. महिनाभराने तोच मुलगा त्याच खोलीत रात्री दोनपर्यंत रील्स बघत असतो. नाटकाच्या ग्रुपमध्ये निदान कोणीतरी ‘जेवलास का’ असं विचारतं.

दुसरं, अठराव्या अध्यायातला आठवा श्लोक काढून बघा. त्रास होईल, शरीराला कष्ट पडतील या भीतीने काम टाकलं तर तो राजस त्याग, त्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं तिथे म्हटलंय. एटीकेटी लागेल या धास्तीने नाटक सोडणं हा कदाचित शहाणपणा असेल, पण त्याला वैराग्य म्हणू नये. भीतीला भक्तीचं नाव दिलं की पुढे आपलं आपल्यालाच कळेनासं होतं, आपण काय कशासाठी सोडलं ते. (करंडकाच्या नावात पुरुषोत्तम आहे म्हणून तालीम म्हणजे भजन होत नाही, हेही तितकंच खरं!)

मग माप कसं ठरवायचं? मी त्याला कागद घ्यायला लावला. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप, म्हणजे ४९. अंघोळ, जेवण, मेसची रांग यांना १४. कॉलेज ३०, जाणं-येणं १२. उरले ६३. सहा दिवस रोज तीन तास स्वतःचा अभ्यास धरला, १८ गेले. तालीम रोज चार तास, सहा दिवस, म्हणजे २४. एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात. कॉलेजचे चाळीस आठवडे धरले तर आठवड्याला तीन. आता राहिले १८. त्यात कपडे धुणं, आईचा फोन, मित्र, हरिपाठ, आणि फोनवर नुसतंच बोट फिरवणं, सगळं आलं.

‘‘कमिटीवाले किती मागतायत?’’

‘‘रोज फक्त तीन तास, दादा.’’

सहा त्रिक अठरा. म्हणजे कागदावर शून्य उरतं. पण शून्यावर कोणी जगत नाही, ते तास कुठूनतरी येतातच. येतात ते झोपेतून, कारण झोप तक्रार करत नाही. सर हजेरी घेतात, डिरेक्टर उशिरा आल्यावर ओरडतो, मेस वेळेवर बंद होते. झोपेचा मात्र कोणी वाली नाही. म्हणून या श्लोकात झोपेचं नाव वेगळं घेतलंय असं मला वाटतं. माऊलींनी ज्ञानेश्वरीत इथे जेवण मोजलंय, पावलं आणि बोलणंही मोजलंय, आणि झोपेला तिच्या वेळी मान द्यायला सांगितलाय. परवानगी देणं वेगळं आणि मान देणं वेगळं. पहाटे तीनला सबमिशनची जर्नल्स लिहिणाऱ्या पोरांनी त्या ओव्या एकदा वाचाव्यातच.

आता ‘युक्त’ या शब्दाबद्दल. आपण त्याचा अर्थ निम्मं-निम्मं असा करतो, रोज सगळ्याला सारखा वेळ. पण युक्त आणि योग एकाच धातूतून आलेत, युज्, म्हणजे जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरचं जूही त्याच घरातलं. युक्त म्हणजे गाडीला नीट जोडलेलं. ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरीच्या आधी गाडी नाटकाकडे ओढणार, परीक्षा जवळ आली की अभ्यासाकडे. ते बिघडलेलं नाही. सेमिस्टरभराचं बघायचं, एका मंगळवारचं नाही. फक्त झोप आणि हजेरी या दोन गोष्टी महिन्यानुसार बदलत नाहीत. हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. तालमीसाठी लेक्चर बुडणार असेल तर सरांना आधी सांगायचं, नंतर सर्टिफिकेट घेऊन दारात उभं राहायचं नाही.

दुसऱ्या अध्यायातला ४१वा श्लोकही इथे उपयोगी पडतो. निश्चय असलेली बुद्धी एकच असते, निश्चय नसलेल्यांच्या बुद्धीला फांद्याच फांद्या. पहिल्या वर्षी प्रत्येक स्टॉलवर नाव लिहून यायचा उत्साह मला समजतो. सगळं नवीन असतं, आणि नाही म्हटलं तर मागे पडू असं वाटतं. पण एक गोष्ट मनापासून धरली तर ती पोसते. चार धरल्या तर चारही ठिकाणी आपण फक्त व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असतो.

सोडायचं असेल तर कधी, हेही महत्त्वाचं. नाटकात आपल्या एंट्रीवर दुसऱ्याची वाक्यं उभी असतात. फेरीच्या आठवडाभर आधी अंग काढून घेणं आणि तालमी सुरू व्हायच्या आधी नाही म्हणणं, यात फार फरक आहे. पहिल्यात दहा जणांचा महिना वाया जातो.

त्या मुलाने शेवटी काय केलं ते सांगतो. नाटक ठेवलं, एनएसएस ठेवलं. कमिटीला ‘या वर्षी नाही’ असं मेसेजवर नाही, समोर जाऊन सांगितलं. सीनियर दोन दिवस बोलला नाही. इंटर्नलचा पेपर घेऊन तो सरांकडे गेला, तेव्हा कळलं की मार्क गेले होते ते एकाच युनिटमध्ये, ज्याची लेक्चर्स त्याच्या ॲडमिशनच्या आधीच झाली होती. म्हणजे दोष नाटकाचा नव्हताच.

आज एवढंच करा: तुमचे १६८ तास कागदावर मांडा, आणि झोप पहिल्या ओळीत लिहा, शेवटच्या नाही. हिशेब जमला नाही तर खाली कमेंटमध्ये विचारा, मिळून बघू.

उद्या १८ आणि १९वा श्लोक, वारा नसलेल्या जागच्या दिव्याचा.